पोटात दुखतंय म्हणजे नेमकं कुठे?

रामबागची_सून
सोमवार, रात्री ११:२०

धागा काढू की नको यात तीन आठवडे गेले. मुलाला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "लिही, फक्त माझं नाव नको."

आमच्याकडे घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. इंदूरच्या बहुतेक मराठी घरांची हीच तऱ्हा. पोरगं तीन भाषा बोलतं याचं मला आजवर कौतुकच होतं. जुलैत कळलं, एका जागेसाठी त्याच्याजवळ तिन्हींतला एकही शब्द नव्हता.

मुलगा चौदा वर्षांचा. पहाटे साडेचारला माझ्या उशाशी येऊन उभा. "आई, पोटात दुखतंय." मागोमाग एक उलटी. आदल्या रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस झाला होता, वर दहीवडा. निदान मी तिथल्या तिथे करून टाकलं. ओवा, गरम पाण्याची पिशवी. सातला पुन्हा उलटी. सासूबाईंनी बेंबीला हिंग लावला. दहाला जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, गॅसची गोळी दिली. पँट काढायला त्यांनी सांगितलं नाही, मी सुचवलं नाही आणि तो बोलला नाही. त्यांना एकट्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

तो पाय फाकवून चालतोय हे संध्याकाळी आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, लक्षात आलं. मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. सोनोग्राफी, रात्रीच ऑपरेशन. एका बाजूचं काढावं लागलं.

काय काढावं लागलं? बघा, आत्ता टाइप करतानाही हात अडला. वृषण. एक गोटी.

चार दिवसांनी विचारलं, अरे, पहाटेच का नाही सांगितलंस? म्हणाला, "काय म्हणून सांगू? हिंदीत जे येतं ती शिवी आहे. इंग्लिशमध्ये तुला सांगायला कसंतरी वाटलं. मराठीत मला माहीतच नाही."

खरंच नव्हतं माहीत. लहानपणी आम्ही 'नुन्नी' म्हणायचो, तेही पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत. आंघोळ एकटा करायला लागला आणि शब्दही मोरीतच राहिला. त्यानंतर कमरेपासून मांडीपर्यंतच्या मुलखाला आमच्या घरात नावच नाही.

तर प्रश्न सरळ आहे. तुमच्या घरात काय म्हणता? मुलाच्या बाबतीत, मुलीच्या बाबतीत? आणि कितव्या वर्षापर्यंत?


सुरसागर_काठी
सोमवार, रात्री ११:५२

वाचून पोटात गोळा आला. मुलगा आता कसा आहे?

आम्ही बडोद्याचे. घरात मराठी, पण ही सगळी बोलणी आपोआप गुजरातीत होतात, का ते कधी कळलं नाही. बहुधा परक्या भाषेत लाज कमी वाटते.


माई७४
मंगळवार, पहाटे ५:१०

सूनबाई, धीर धर. म्हातारीला पहाटे जाग येते म्हणून आधी मीच लिहिते.

आमच्या वेळी शब्द नव्हते असं नाही, ढिगाने होते. पण ते सगळे बायकांचे आणि सगळे आडवळणाचे. मुलीला न्हाण आलं, पदर आला, ती शहाणी झाली. महिन्याला कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आली, लांब बसली. धाकट्या भावाला सांगायचे ताईला कावळा शिवला, की तो बिचारा वाड्याच्या कौलांवर कावळा शोधत फिरायचा. पांढरं गेलं की धुपणी. म्हातारपणी पिशवी खाली सरकली की अंग बाहेर आलं. सुईणी 'मायांग' म्हणत, तो शब्द हल्ली कुणी ऐकलाय? मला तरी योनीपेक्षा तो घरचा वाटतो. आई त्यात आहे.

आता तुझ्या प्रश्नाने विचार करायला बसले तर लक्षात आलं, वयात येणाऱ्या मुलग्यांसाठी काहीच नव्हतं. मुलगी शहाणी झाली म्हणून मखरात बसवायचे, ओटी भरायचे. मुलगा एक दिवस धोतर नेसायला लागायचा, झालं. त्याला काय होतंय ते त्याच्या आईला ठाऊक नसायचं आणि बाप सांगायचा नाही.


टाका_घातला
मंगळवार, सकाळी ८:३५

पुण्याचा, निवृत्त शल्यचिकित्सक. ही शस्त्रक्रिया मी अनेकदा केली आहे, दोन्ही शेवट पाहिले आहेत. तीन गोष्टी लिहितो, इतर आईबापांच्या उपयोगी पडतील.

पहिली, तुमचा मुलगा खोटं बोलला नाही. गर्भात वृषण पोटातच, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली उतरतात. उतरताना आपल्या नसा आणि रक्तवाहिन्या बरोबर घेऊन येतात. त्यामुळे दुखापत खाली झाली तरी कळ पोटात जाणवते, उलटीही होते. त्याला जे जाणवलं तेच त्याने सांगितलं, फक्त अर्धं सांगितलं.

दुसरी, याला पीळ बसणं म्हणतात. वृषण एका दोरीला लटकलेलं असतं, त्यातूनच रक्त येतं-जातं. बहुतेकांत ते मागच्या बाजूने पिशवीला चिकटलेलं असतं. काही मुलांत जन्मतःच ती पकड नसते, घंटेतल्या लोलकासारखं ते मोकळं झुलतं. हा आजार नव्हे, घडणीतला फरक. बाहेरून दिसत नाही, कुणाला सांगता येत नाही. मग एखाद्या रात्री झोपेत, एखाद्याला खेळताना, एखाद्याला काहीच न करता ते फिरतं आणि दोरीला पीळ पडतो. रक्त बंद. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वाचतं. बारा तासांनी आशा बरीच कमी, चोवीस तासांनी क्वचितच. हे जास्त करून १२ ते १८ या वयात होतं, म्हणजे मुलगा आईसमोर कपडे बदलणं ज्या वयात सोडतो, नेमकं त्याच वयात.

तिसरी, एका वृषणावर दाढी-मिशा, आवाज, लग्न, मूलबाळ सगळं होतं. दुसऱ्या बाजूला टाके घालून ते जागेवर बसवलं असेलच, कारण घडण बहुधा दोन्हीकडे सारखी असते. तसं केलंय ना, हे एकदा कागदावर बघून घ्या. क्रिकेट खेळताना मात्र गार्ड हवाच.

वयातल्या मुलाचं अचानक पोट दुखू लागलं तर डॉक्टरांनी खाली तपासलंच पाहिजे. त्यांनी नाही तपासलं तर आईने म्हणावं, "खालीही बघा." एवढे दोन शब्द पुरतात. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.


रामबागची_सून
मंगळवार, सकाळी ९:०४

कागद काढून बघितला. दुसऱ्या बाजूला टाके घातलेत. 'अर्धं सांगितलं' हे त्याला वाचून दाखवलं. काही बोलला नाही, पण नाश्ता पूर्ण खाल्ला.


ऱ्हस्वदीर्घ
मंगळवार, दुपारी १:१५

किंचित अवांतर, हलकेच घ्या. धाग्यात पुढे कुणी 'शिस्न' लिहील म्हणून आधीच सांगतो, शब्द शिश्न आहे. आपण व्याकरणात पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग सहावी-सातवीपासून घोकतो, फळ्यावर लिहितो, कुणी हसत नाही. तोच 'लिंग' शब्द विज्ञानाच्या तासाला आला की अख्खा वर्ग बाकाखाली. शब्द तोच, तास बदलला फक्त.


खडू_फळा
मंगळवार, सायंकाळी ७:४०

मी इंदूरच्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. हिंदी माध्यम. दहावीच्या पुस्तकात 'जीव जनन कैसे करते हैं' असा धडा आहे. अमीबा, हायड्रा, फुलाचे पुंकेसर हे आम्ही शिक्षक अगदी रंगवून शिकवतो. माणसाचं पान आलं की "ये घर पर पढ़ लेना". मीही नोकरीची पहिली सहा वर्षं हेच म्हटलं, खोटं कशाला बोलू.

मग एक वर्षी बुटांचं रिकामं खोकं आणलं, वर फट पाडली. नाव न लिहिता चिठ्ठी टाका, मला उत्तर आलं नाही तर विचारून येईन. पहिल्या आठवड्यात खोकं रिकामं, दुसऱ्या आठवड्यात एक चिठ्ठी, "मॅडम आप सच में पढ़ेंगी?" तिसऱ्यापासून झाकण लागेना.

काय असतं त्यात? तुम्हाला वाटतं तसलं फार थोडं. बहुतेक चिठ्ठ्यांचा अर्थ एकच, मी बरोबर आहे ना? एक बाजू दुसरीपेक्षा खाली आहे, कॅन्सर आहे का. (नाही. बहुतेकांत डावी बाजू खालीच असते.) एक छाती मोठी एक लहान आहे, लग्नानंतर नवऱ्याला कळेल का. (दोन्ही सारख्या असणाऱ्या बायकाच कमी.) माझं बाहेरचं अंग पुस्तकातल्या चित्रासारखं नाही. (कुणाचंच नसतं. ओठ लांब, आखूड, एक मोठा एक लहान, रंग गडद, हे सगळं चेहऱ्यांसारखं वेगवेगळं.) महिना कधी २५ दिवसांनी येतो कधी ४० दिवसांनी. (सुरुवातीची दोन-तीन वर्षं असं होतंच.) आणि मुलांचा दरवर्षीचा हमखास प्रश्न, रात्री कपडे ओले होतात, कमजोरी येईल का.

या शेवटच्याचं मूळ मला ठाऊक आहे. आमच्या शाळेकडे येणाऱ्या रस्त्यावर अर्धा किलोमीटर भिंत आहे. तिच्यावर हातभर अक्षरांत 'गुप्त रोग', 'धातु रोग', 'शर्तिया इलाज'. रामबागच्या ताई म्हणतात घरात शब्द नाही. घरात नाही, पुस्तकातला वाचत नाही, मग शब्द पुरवायचं काम भिंतीने घेतलंय.


टाका_घातला
मंगळवार, रात्री ८:०५

खडू_फळा, भिंतीच्या उत्तराला जोड देतो. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब हे अजून पदवीधर लोकही ऐकवतात. वीर्याचा ठरावीक साठा नसतो, ते सतत तयार होत राहतं, आणि झोपेत बाहेर पडणं हे लाळ सुटण्याइतकंच नैसर्गिक. कमजोरी येते ती भीतीने. जेवण जात नाही, झोप लागत नाही, वजन उतरतं आणि पोराला वाटतं भिंतीने खरं सांगितलं.


ओटल्यावरचा
मंगळवार, रात्री १०:३०

ताई, मुलाबद्दल फार वाईट वाटलं. पण एका दुर्दैवी घटनेवरून धागा 'शाळेत लैंगिक शिक्षण द्या'कडे निघालाय म्हणून लिहितो.

किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम केंद्राने आणला तेव्हा २००७ मध्ये मध्य प्रदेशाने नाकारला, महाराष्ट्राने आणि गुजरातनेही. सगळे काही बुरसटलेले नव्हते. माझ्या भाचीच्या शाळेत बाहेरून दोघीजणी 'सेशन' घ्यायला आल्या. मुलांना मैदानात पाठवलं, मुलींना पॅड दाखवलं. त्या अर्ध्या तासात मैदानावर काय काय तर्क लढले असतील ते सांगायला नको. पुढचे दोन महिने मुलींना चिडवणं चाललं. भाची शाळेत जायला रडायची. याला शिक्षण म्हणायचं का? मला विचाराल तर हे काम घराचं.


रामबागची_सून
मंगळवार, रात्री १०:४८

दादा, माझं घर चांगलं आहे हो. आजी-आजोबा आहेत, रोज संध्याकाळी शुभंकरोती आहे, जेवायला सगळे एका पंगतीला बसतात. त्या घरात तो सकाळी साडेचारपासून कण्हत होता.

तुमच्या भाचीचं पटलं. मुलांना बाहेर काढायलाच नको होतं.


वाचनवेडा_पुणे
मंगळवार, रात्री ११:२०

'सगळे बुरसटलेले नव्हते' यावरून आठवलं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, १९५३ मध्ये मरेपर्यंत. गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडावं लागलं. १९३४ चा खटला तर वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवरूनच झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड भरला, पुढचा अंक काढला.

खडू_फळा यांचं बुटांचं खोकं वाचताना तेच डोळ्यांसमोर आलं. नव्वद वर्षं झाली. पत्रांच्या चिठ्ठ्या झाल्या, प्रश्न तेच.


पाऊलवाट
बुधवार, रात्री १२:५५

वाचनमात्र होते, आज खातं उघडलं.

मी ग्वाल्हेरची, लष्करात वाढले (शहराचा भाग, सैन्य नव्हे). आता नोकरीसाठी इंदूरला. वय २९.

सतराव्या वर्षापर्यंत मला न्हाण आलं नव्हतं. माईंचा शब्द उसना घेते, मला आवडला. बाकी सगळं बरोबरीच्या मुलींसारखंच, उंची, छाती, केस, मुरुमं. आई आणि काकू स्वयंपाकघरात डोळ्यांनीच विचारायच्या, आलं का? तीळ-गूळ झाला, पपई झाली, नवस झाला. शेवटी सोनोग्राफी. डॉक्टर बाबांकडे बघत म्हणाल्या, "बच्चेदानी बनी ही नहीं है।" मी आईबाबांच्या मधल्या खुर्चीत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

याला एमआरकेएच म्हणतात. साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एकीला असतं. बीजकोष असतात, म्हणून शरीर नेहमीसारखं वयात येतं. गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग तेवढा तयार झालेला नसतो. कुणाकुणाला मूत्रपिंडही एकच असतं, म्हणून तेही तपासतात. मला दोन आहेत.

घरी याचं नाव पडलं 'तिचा तो प्रॉब्लेम'. दहा वर्षं 'तो'. त्याच काळात माझ्या मावशीची पिशवी काढली. अख्ख्या खानदानाला कळलं, मामा तर गच्चीवर उभा राहून फोनवर मोठ्याने सांगत होता, "हो हो, पिशवी काढली, बरी आहे आता." मी ऐकत होते. असलेली पिशवी काढली तर बोलता येतं. नव्हतीच, हे बोलता येत नाही.

गेल्या दिवाळीत आईला म्हटलं, "आई, 'तो' म्हणू नकोस. 'हिला गर्भपिशवी नाही' असं म्हण. एकदा म्हणून बघ." तिने तीन प्रयत्नांत म्हटलं. मग आम्ही दोघी करंज्या तळायला गेलो.

एक विनंती. सरोगसीचा कायदा, पुण्यात २०१७ मध्ये झालेलं गर्भाशयाचं प्रत्यारोपण वगैरे मला कुणी पाठवू नका. सगळं वाचलंय. मी इथे मूल मागायला आलेले नाही.


माई७४
बुधवार, पहाटे ५:०२

बाळ, तुझी आई तिसऱ्यांदा म्हणाली ना, त्यात सगळं आलं. इंदुरात आहेस तर ये एकदा जेवायला.


टाका_घातला
बुधवार, सकाळी ९:१०

पाऊलवाट, त्या डॉक्टरांनी तुमच्याशी बोलायला हवं होतं.

इतर पालकांसाठी जोडतो. पंधरा वर्षं पुरी झाली तरी पाळी नसेल तर नवस थांबवून दाखवावं. एक वेगळा प्रकारही असतो. पाळी नाही, पण दर महिन्याला ठरावीक दिवस पोटात कळा येतात. काही मुलींत योनिमुखाच्या पडद्याला जन्मतः छिद्रच नसतं, रक्त आत साठत जातं. लहानशा शस्त्रक्रियेने सुटतं. तिथेही मुलगी 'पोटात दुखतंय' एवढंच म्हणते आणि तिलाही ओवाच मिळतो.


ऱ्हस्वदीर्घ
बुधवार, सकाळी ११:२५

हा पडदा म्हणजे शब्दकोशातलं कौमार्यपटल का? मग नावच चुकलंय. अवयवाच्या नावात निकाल लिहून ठेवलाय.


खडू_फळा
बुधवार, दुपारी ४:३०

अगदी. तो पडदा कुणाला जाड, कुणाला नावापुरता, कुणाला जवळजवळ नसतोच. ताणला जातो, न फाटताही संबंध होऊ शकतो. त्यावरून कुणाला काही ओळखता येत नाही. सेवाग्रामच्या एका न्यायवैद्यकाच्या प्राध्यापकांनी हे लावून धरलं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्य विद्यापीठाने 'कौमार्याची लक्षणं' अभ्यासक्रमातून काढली. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने बलात्कार पीडितेची दोन बोटांची तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायचं सांगितलं. शब्दकोश मात्र जागचा हलला नाही. मी वर्गात 'योनिपटल' म्हणते.


ओटल्यावरचा
गुरुवार, रात्री ११:४०

वाद वेगळा ठेवून एक विचारतो, डॉक्टरसाहेब.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. मे महिन्यापासून पोहायला जायचं नाही म्हणतो. शर्ट काढत नाही. बायकोने कसंतरी काढून घेतलं, तर छातीला एका बाजूला बोंडाखाली गाठ आहे, दुखते म्हणतो. मित्र काहीतरी म्हणाले असावेत. आम्ही अजून कुणाला बोललेलो नाही.


टाका_घातला
शुक्रवार, सकाळी ६:५०

बरं झालं विचारलंत. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना असं होतं. कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडे. बटणाएवढी दुखरी चकती. संप्रेरकांचा तोल सावरेपर्यंत राहते, बहुतेक वेळा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. दाबू नका, चोळू नका, तेल-लेप नको. न बघता निदान करणं बरं नव्हे, तेव्हा एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. गाठ कडक असेल, झपाट्याने वाढत असेल, त्यातून काही येत असेल किंवा तो कसली औषधं वा जिमच्या पावडरी घेत असेल तर लवकर.

आणि आधी त्याला सांगा. तो मेपासून एकटाच घाबरतोय.


ओटल्यावरचा
शुक्रवार, सकाळी ७:१५

सांगतो. कोणत्या शब्दांत ते जुळवतोय.


रामबागची_सून
रविवार, दुपारी २:१०

सगळ्यांचे आभार. आमच्याकडे ठरलं, 'गोटी'. मुलानेच निवडलं. 'वृषण' म्हणे आजोबांच्या आजोबांचं नाव वाटतं.

आज पोहे-जलेबी खाताना मी धाग्यातलं थोडं थोडं वाचून दाखवत होते. टाका_घातला यांचा 'खालीही बघा'चा परिच्छेद आला तेव्हा आप्पा उठून आत गेले. मला वाटलं, आवडलं नाही. थोड्या वेळाने नातवाला आत हाक मारली. दार लोटलेलं. दहा मिनिटांनी पोरगं बाहेर येऊन म्हणालं, आजोबांच्या एका बाजूला सूज आहे. आठ-नऊ वर्षांपासून. पायजमा ढगळ शिवून घेतात त्याचं कारण आज समजलं. सासूबाईंनाही माहीत नव्हतं, आणि त्यांच्या लग्नाला चोपन्न वर्षं झालीत.

मंगळवारी सर्जनची वेळ घेतलीय. हे नेतो म्हणाले, तर आप्पांनी मान हलवली. नातवाला घेऊन जाणार. तो म्हणाला, "मीच जातो बाबा. तिथे काय काय विचारतात मला माहितीये."